फुगवट्यावरच्या टपालाची पोच

भोरला जायचं असेल तर किकवीला उतरू नये. उतरायचं कापूरहोळच्या फाट्यावर. पुण्याहून येताना मी किकवीला उतरले, कारण मला झोप लागली होती आणि कंडक्टर ‘भोरवाले पुढं या’ म्हणून ओरडला ते माझ्याखेरीज सगळ्या गाडीने ऐकलं होतं. रस्त्याच्या कडेला बॅग घेऊन उभी राहिले तेव्हा चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, “बाई, भोर मागं ऱ्हायलं की.” जसं काही भोर माझ्या पाठोपाठ येणार होतं! मग दोन चहा पिऊन, येणाऱ्या वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, जीपमध्ये कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी बसून मी उलटी आले. प्रवासाची सुरुवात अशी झाली म्हणून मला वाईट वाटलं नाही. किकवीचा चहा फक्कड होता.

कशासाठी गेले होते, ते आधी सांगते. नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल.

मी वेंगुर्ल्याची. कॉलेजात इतिहास शिकवायचे, आता निवृत्त. निवृत्त झाल्यापासून एका विषयाने मला झपाटलं आहे: इंग्रजांच्या काळातले डाकेच्या आगबोटींचे सरकारी ठेके. माझा भाऊ म्हणतो, “ताई, माणसं निवृत्त झाल्यावर अष्टविनायक करतात.” करू देत. मला हे ठेके वाचताना जेवणाची शुद्ध राहत नाही. विलायतेचं सरकार बोट विकत घेत नसे. ते बोटकंपनीशी करार करी, वर्षाला ठरलेली रक्कम देई आणि त्या बदल्यात एकच गोष्ट मागे, वेळ. डाक अमुक दिवशी मुंबईला पोचली पाहिजे. उशीर झाला की दंड. वाटेतल्या बंदरात उतारू राहिला तर राहिला, थैली राहता कामा नये. बोटीवर डाकेची वेगळी खोली, तिला कुलूप, आणि पुष्कळदा सरकारचा एक माणूस त्या थैल्यांवर डोळा ठेवून बसलेला. आमच्या वेंगुर्ल्याच्या बंदरात आगबोट लागायची त्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकत मी वाढले. ती बोट कुणाच्या पैशावर चालायची, हा प्रश्न मला साठी उलटल्यावर पडला.

तर माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन भोरला आली आहे. ती फोनवर सहज म्हणाली, “बाई, आमच्याकडे अजून टपाल बोटीने जातं. ठेका आहे म्हणे.” मी त्याच आठवड्यात बॅग भरली.

कचेरी कुठली, साहेब कोण, धक्का नेमका कुठे, हे मी लिहिणार नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. भोर आणि वेल्हे तालुक्यांत धरणं पुष्कळ आहेत, त्यांतल्या एकाच्या पाण्यावरची ही हकिगत समजा.

धक्का

धरणाच्या मागे पाणी दूरवर डोंगरांत शिरलेलं असतं, त्याला इथे फुगवटा म्हणतात. दिवाळी नुकतीच झाली होती, पाणी काठोकाठ होतं. धक्क्याला एक निळी लाँच बांधलेली, आणि तिच्यात साडीवर पुरुषी शर्ट घातलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एक बाई डब्याने पाणी उपसत होती. हौसाबाई. लाँचची मालकीण, चालक, आणि टपालाच्या ठेक्याची ठेकेदार.

“कुठल्या खात्याच्या?” तिने मान वर न करता विचारलं.

“कुठल्याच नाही. निवृत्त आहे.”

“मंग बसा. तितं नगं, डिझेल सांडलंय. हितं.”

मी बसले. माझ्याशेजारी बिरूआबा बसले. हे वरच्या धनगरवस्तीवरचे म्हातारे, दोन शेळ्या बाजारात न विकता परत घेऊन चालले होते, कारण गिऱ्हाईक त्यांना ‘आवडलं न्हाई’. शेळ्या पुढच्या बाकावर आणि आम्ही मागच्या. कोकणात होडीत जनावर घेतलं तर त्याला खाली बांधतात. इथे शेळीला खिडकी मिळते.

सगळे बसले, तरी लाँच हलेना. दुपार कलायला लागली.

“कोणाची वाट बघतोय?”

“थैलीची,” हौसाबाई म्हणाली. “थैली आल्याबिगर सुटायचं न्हाई. तसा ठेका हाय.”

थैली यायची ती सकाळी. आली ती मोटारसायकलवर, शिंदे नावाच्या कचेरीतल्या गृहस्थांच्या मागे बांधलेली, उन्हं उतरताना. शिंद्यांनी थैली लाँचमध्ये टाकली, कुणाच्या तरी बारशाची गोष्ट सांगितली, आणि धूळ उडवत निघून गेले. माझ्या अंगावर काटा आला. अहो, ज्या आगबोटींसाठी तास-तास मोजले जायचे त्यांची ही नात, आणि हिला बारशासाठी थांबवतात!

लाँच सुटली. हौसाबाईला मी विलायतेच्या राणीच्या काळच्या ठेक्यांचं सांगायला लागले. ती सुकाणू धरून ऐकत होती, मधूनच इंजिनाला एक शिवी घालत होती.

“म्हंजी राणीची बोट बी आमच्यावानी ठेक्यावरच?”

“अगदी.”

“आन् उशीर झाला की दंड?”

“दंड.”

“आन् सरकारनंच थैली उशिरा दिली तर?”

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. माझ्या व्याख्यानाला आलेल्या विद्वानांनीही नाही. मी वाचलेल्या करारांत होतं ते सांगितलं: सरकारला आपल्या कामासाठी बोट थांबवायची असेल तर तसा हुकूम कप्तानाला लेखी द्यावा लागे, आणि तो उशीर कंपनीच्या डोक्यावर येत नसे.

“लेखी?”

“लेखी.”

हौसाबाईने सुकाणू वळवलं. नंतर मी बोलू शकले नाही, कारण मला बोट लागली. वेंगुर्ल्याच्या बंदराची मुलगी, आजोळ मालवणचं, आणि धरणाच्या पाण्यावर बोट लागली! कडेवरून वाकून मी जे काही केलं ते बिरूआबांनी फार सभ्यपणे न पाहिल्यासारखं केलं. त्यांच्या शेळ्यांनी मात्र टक लावून पाहिलं.

वरची वस्ती

फुगवट्याच्या वरच्या टोकाला हौसाबाईचं घर. लाँच रात्री तिथेच असते, सकाळी खाली जाणारी माणसं घेऊन जाते आणि टपाल घेऊन परत येते. तिचे मालक तात्या पूर्वी लाँच चालवत. गुडघा गेल्यापासून ते घर सांभाळतात आणि स्वयंपाक करतात. हे त्यांनी मला स्वतःच, जराही न लाजता सांगितलं. आमच्याकडे एखाद्याने असं केलं असतं तर त्याने आधी दार लावलं असतं.

तात्यांनी हुलग्याचं माडगं केलं होतं. हुलगा म्हणजे आमचा कुळीथ. आमच्याकडे त्याची पिठी होते, भाताबरोबर. इथे त्याला गूळ घालून वाटीने पितात. पहिल्या घोटाला मला ते चुकल्यासारखं वाटलं, तिसऱ्याला मी वाटी पुढे केली. फुगवट्यातला मासाही होता. त्याविषयी मी गप्प बसले. पाहुणी होते, आणि गोड्या पाण्यातल्या माशाला आम्ही कोकणी माणसं मासा म्हणत नाही.

लाँच लागताच थैली उतरवून घ्यायला बबनराव उभे असतात. टपाल पुढे वस्त्यांवर आणि खिंड ओलांडून पासली गावाकडे न्यायचं काम त्यांचं. त्यांनी थैली खांद्यावर टाकली, “पोचलं का समदं?” “पोचलं,” एवढं बोलणं झालं, आणि गेले. मग हौसाबाईने मला नोटीस दाखवली. उद्या सोडून परवा तिला कचेरीत बोलावलं होतं. ‘प्रत्येक फेरीची पोच सायंकाळपर्यंत कार्यालयास न दिल्याबद्दल आपला ठेका रद्द का करण्यात येऊ नये.’

“रद्द झाला तर?”

“टेम्पो. डोंगराला वळसा घालून. पावसाळ्यात रस्ता खचतो, मंग ते बी न्हाई.” ती थांबली. “टपाल गेलं की लाँच बी गेली, बाई. नुसत्या उतारूंवर डिझेल निघत न्हाई. मंग ही म्हातारी-कोतारी, दवाखान्याच्या बाया, साळंची पोरं, कशी जायची खाली? पोहून?”

“पण पोच का दिली नाही तुम्ही?”

हौसाबाई अशी उसळली की तात्यांच्या हातातली पळी पडली. “न्हाई कशी दिली? रोज देती! एक दिस चुकला न्हाई! ताप व्हता तवा बी दिली! चला, दावते तुमाला. आत्ताच द्यायची हाय.”

आणि ती उठून घरामागच्या टेकाडाला लागली. मी मागे. करवंदीच्या जाळ्यांतून, घसरत, धापा टाकत. वर एक सपाट दगड. त्या दगडावर आणि फक्त त्याच दगडावर मोबाईलला रेंज येते. हौसाबाईने दगडावर उभं राहून कमरेचा फोन काढला, नंबर लावला, कानाला धरला. पलीकडे घंटी वाजली. एकदा. दोनदा. तिने कट केलं.

“झाली पोच,” ती म्हणाली.

मला हसू आलं. पोचल्याचा मिस कॉल! आपण सगळेच देतो. पुण्याला पोचलीस की मिस कॉल दे, असं मी माझ्या भाचीला शंभरदा सांगितलं असेल. करारात लिहिलं होतं ‘पोच द्यावी’, आणि हौसाबाईने पोचल्याची वर्दी, तिला कळली तशी, वर्षभर इमानाने दिली होती. रोज दिवसाच्या कामानंतर हे टेकाड चढून.

“हौसाबाई,” मी म्हटलं, “कचेरीच्या भाषेत पोच म्हणजे पावती. थैली मिळाली म्हणून बबनरावांची सही असलेला कागद.”

ती दगडावर खाली बसली. पाणी काळं पडत चाललं होतं.

“तर मंग तसं लिवायचं की,” ती म्हणाली. “पावती लिवायचं. पोच कशाला लिवलं?”

मला त्या क्षणी इतका राग आला! तिचा नाही. त्या करार लिहिणाऱ्याचा, ज्याला पावती म्हणायची लाज वाटली. तिथेच मी ठरवलं, परवा हिच्याबरोबर कचेरीत जायचं. ठेक्यांवर लिहायला घेतलेलं माझं पुस्तक गेलं चुलीत.

खिंडीपलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बबनरावांबरोबर पासलीच्या बाजूला निघाले. टपाल खरंच पोचतं हे माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणजे कचेरीत ताठ मानेने सांगता येईल. खिंडीत धुकं होतं. उतरल्यावर एकदम भाताची खाचरं, कापणी झालेली, पेंढ्या उभ्या केलेल्या, आणि इंद्रायणी तांदळाचा वास. आमच्याकडचा भात लाल, जाड. त्याला वास नसतो, पण तो पोटात राहतो. हे मी बबनरावांना सांगितलं. “आसंल,” ते म्हणाले. एवढ्यावर त्यांनी वेंगुर्ल्याचा भात निकालात काढला.

थैलीत काय होतं? एका सुनेला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं, एका म्हाताऱ्याचा चष्मा, बँकेचं कार्ड, मुंबईहून आलेली लग्नपत्रिका. चष्म्याच्या म्हाताऱ्याने तो तिथल्या तिथे लावला आणि मला म्हणाला, “तुमी बाईमाणूस हाय व्हय? मला वाटलं तलाठी.” मी हसले, दुसरं काय करणार. प्रत्येक दारात मी विचारत होते, टपाल रोज येतं का? लोक माझ्याकडे असं बघत, की सूर्य रोज उगवतो का म्हणून विचारलंय.

परतताना बबनराव म्हणाले, “बाई, एक करू? म्या आज रात्री बसतो आन् समद्या वर्साच्या सह्या करून टाकतो. रोजची येक. कोणाला काय कळतंय? थैल्या मला मिळाल्याच हायत की.”

खरं सांगते, मला ते पटलं. थैल्या खरंच पोचल्या होत्या. मी मनातल्या मनात वेगवेगळ्या शाईचे पेनही मोजायला लागले होते.

घरी येऊन बबनरावांनी ते हौसाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, कारण आज तात्यांचा गुडघा फारच दुखत होता. तिचा हात थांबला.

“न्हाई.”

“अगं पण थैली तर पोचलीया.”

“पोचलीया म्हणूनच न्हाई. माझी लाँच खरी पोचली, बबनराव. तिला खोटी सही कशाला? एकदा खोटी दिली की खरी बी खोटीच दिसती.”

“आन् ठेका गेला तर?”

“जाऊ दे. खऱ्यानं जाऊ दे.” आणि तिने भाकरी तव्यावर अशी आपटली की वाद तिथेच मिटला. मी पेन मोजले होते हे मी कुणाला सांगितलं नाही. आत्ता तुम्हालाच सांगते आहे.

कचेरी

साहेब तरुण होते. मराठवाड्याकडचे असावेत, बोलण्यावरून. चेहऱ्यावर थकवा, वागण्यात आदब. हौसाबाईला खुर्ची दिली, मला दिली, पाणी मागवलं. असा माणूस समोर असला की भांडायला त्रास होतो. बाजूच्या टेबलाशी आपले शिंदे बसलेले.

“हौसाबाई, वर्षभरात एकही पोच फाइलला नाही,” साहेब म्हणाले. “टेम्पोवाला तयार आहे. मी काय करू सांगा?”

“म्या रोज दिली, सायेब. सांच्याला. ह्या नंबरावर.” तिने फोन पुढे केला.

साहेबांनी नंबर बघितला. मग टेबलावरचा कचेरीचा मोबाईल बघितला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला.

“हा तर... शिंदे, तो नंबर. रोज संध्याकाळी वाजायचा आणि कट व्हायचा तो.”

“तो सायेब, मागच्या महिन्यात तुम्ही ब्लॉक करायला सांगितला,” शिंदे म्हणाले आणि फिस्सकन हसले. “आपल्याला वाटलं कोणतरी येडं हाय.”

कुणीच हसलं नाही त्यांच्यासोबत. हौसाबाई एवढंच म्हणाली, “टेकाड चढून देत व्हते, सायेब. तितं कुठं रेंज हाय आमच्याकडं.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण माझ्या विश्वासाने काही होत नाही, बाई. फाइलला कागद लागतो. तोंडी पोच चालत नाही.”

इथे मी तोंड उघडलं. आणि मी जेव्हा तोंड उघडते तेव्हा आधी राणीच्या काळातून सुरुवात करते, हा माझा दोष आहे. डाकेच्या आगबोटी, करार, कप्तान, बंदरातल्या पोस्टमास्तराची सही. साहेबांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “मॅडम, याचा या केसशी संबंध?”

“संबंध असा,” मी म्हटलं, “की ते करार लिहिणाऱ्यांना कप्तानाने काय करावं हे सांगता येत होतं. कुठला कागद, कुणाची सही, कुणाला द्यायचा. तुमच्या करारात काय आहे? वाचा ना! ‘पोच द्यावी.’ लेखी म्हटलंय का? सही म्हटलंय का? पावती म्हटलंय का? या बाईने पोच दिली. तुम्ही ब्लॉक केलीत.”

माझा आवाज जरा चढला असावा, कारण पाणी आणणारा शिपाई दारातच थांबला.

साहेबांनी करार काढला. कलम वाचलं. परत वाचलं. मग त्यांना हसू आलं, अगदी आतून, आणि ते हसू आवरत त्यांनी कपाळाला हात लावला. “लेखी नाही म्हटलेलं,” ते म्हणाले. “खरंच नाही म्हटलेलं.”

ठेका मुदतीपर्यंत राहिला. रद्द नाही. फक्त एक पुरवणी: उद्यापासून रोज बबनरावांच्या सहीची लेखी पोच कचेरीत आली पाहिजे. साहेबांनी ती लिहून कागद हौसाबाईपुढे सरकवला. मला तिथल्या तिथे तिला मिठी मारावीशी वाटली. बिरूआबा, दवाखान्याच्या बाया, शाळेची पोरं, सगळी तरली!

हौसाबाईने पेन घेतला. कागद वाचला, ओठ हलवत, सावकाश. आणि पेन खाली ठेवला.

“माझी बी एक अट हाय.”

मी टेबलाखालून तिचा पदर ओढला. काय करतेस गो बाई! मिळालंय ते घे!

“म्या पोच आणीन, रोज आणीन. पन थैली मला कवा मिळाली याची पोच मला कोण देनार? सकाळची थैली उन्हं कलताना येती. उशीर त्यांचा, अंधारात लाँच म्या चालवायची. उद्या तुमीच म्हनणार, हौसाबाई, उशीर का? तवा मला लेखी पायजे. थैली देताना येळ टाकून सही.”

शिंदे आता हसत नव्हते.

“ठेक्यात तसं कलम नाही,” साहेब म्हणाले.

“न्हाई म्हणूनच म्हंते, घाला. राणीच्या बोटीला बी देत व्हते. ह्या बाईंनी सांगितलंय.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

“बरं,” ते म्हणाले. “वरून मंजुरी लागेल. तोवर मी तोंडी सांगतो शिंद्यांना, उद्यापासून...”

“तोंडी चालत न्हाई, सायेब,” हौसाबाई म्हणाली. “तुमीच म्हनलात आत्ता.”

मी आयुष्यात पुष्कळ वाद ऐकले, काही जिंकलेही. असा एकही नाही. साहेबांनी पुरवणीचा कागद स्वतःकडे ओढला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. हौसाबाईने तीही वाचली. मग सही केली, पूर्ण नाव, वळणदार, घाई न करता.

सुनावणीमुळे त्या दिवशीची थैली कचेरीनेच राखून ठेवली होती आणि लाँच खालीच धक्क्याला होती, म्हणून संध्याकाळी माझ्या विद्यार्थिनीच्या घरी आम्ही दोघी जेवलो. तिने आम्हाला आंबवड्याला नेऊन देवदर्शन घडवायचा घाट घातला होता, पण हौसाबाई म्हणाली, “देवाला सांगा, उद्या थैली हाय.”

धक्का, पुन्हा

मी त्याच दिवशी पुण्याची गाडी पकडणार होते. पकडली नाही. मला ती पहिली सही बघायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँच धक्क्याला उभी. उतारू बसले. बिरूआबा पुन्हा होतेच, या वेळी त्यांच्या बायकोला दवाखान्यातून परत नेत होते. म्हातारीला पाठीला उशी देऊन आडवं केलेलं. तिला लवकर घरी न्यायला हवं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

थैली आली नाही. सकाळ गेली. दुपार झाली. म्हातारी कण्हत होती. मी रस्त्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात शिंद्यांना वेंगुर्ल्याच्या बाजारातल्या शिव्या देत होते, त्या इथे लिहीत नाही.

अखेर मोटारसायकल आली. शिंद्यांनी थैली सोडली, लाँचमध्ये टाकली आणि वळले.

“शिंदेभाऊ. सही.”

“अरे हां. उद्या करतो की हौसाबाई, दोन्ही दिवसांची. घाईत हाय.”

हौसाबाईने इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. नुसतं पाणी लाँचच्या अंगाला लागत होतं. शिंदे थांबले. “आता हे काय नवं? उतारू बसल्यात ना. ती म्हातारी बगा. निघा की.”

शिंद्यांनी बरोबर नस पकडली होती. हौसाबाई थैली सोडून गेली तर ठेका मोडतो. सही न घेता गेली, तर कालची ओळ कागदावरच राहते आणि उद्या तिच्याच नावावर उशीर मांडला जातो. आणि मधे ती म्हातारी. हौसाबाईने म्हातारीकडे बघितलं, आणि मला पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. मला वाटलं, आता ती इंजिन लावणार. मी लावलं असतं.

तेवढ्यात म्हातारीच बोलली, आडवी पडल्या पडल्या, डोळे मिटून. “घे गं सही. मला काय व्हत न्हाई.”

बिरूआबा उठले. लाँचमधून सावकाश उतरले आणि धक्क्याच्या दगडावर जाऊन बसले, शिंद्यांच्या मोटारसायकलच्या बरोबर पुढे. त्यांच्या मागून दवाखान्यातून परतणाऱ्या दोघी बाया उतरल्या. मीही उतरले.

शिंद्यांनी एकेकाकडे बघितलं. मग खिशातून पेन काढला, कागद घेतला, थैली पोचल्याची वेळ लिहिली आणि सही केली.

हौसाबाईने कागद हातात घेऊन बघितला. “सकाळची येळ घातलीत व्हय शिंदेभाऊ. घड्याळ बगा.”

त्यांनी कागद परत घेतला. लिहिलेलं खोडलं. घड्याळात बघितलं. खरी वेळ लिहिली.

हौसाबाईने ती मोठ्याने वाचली, आडव्या पडलेल्या म्हातारीलाही ऐकू जाईल अशी. मग आम्ही सगळे परत लाँचमध्ये बसलो, आणि तिने इंजिन सुरू केलं.